थोरलीचं ठिगळ

धाकटी गाऊ लागली तेव्हाच थोरलीला संशय आला.

गाणं काही फार सुरेल नव्हतं. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालताना धाकटी जे गुणगुणायची, त्याला चाल असलीच तर ती तिची एकटीची होती. पण गाण्यापेक्षा गाणाऱ्याचा आनंद जास्त ऐकू येतो, आणि तो खिडकीतून थेट खाली, थोरलीच्या शिवणाच्या खोलीत उतरत होता. थोरली तिथे मुलींना काजं-बटणं शिकवत बसलेली असायची. वरून एक लकेर आली की तिच्या हातातला धागा हमखास तुटायचा.

दोघी सख्ख्या भावांच्या बायका. घर एकच. थोरली खाली, धाकटी वर. वयात बारा वर्षांचं अंतर; पण थोरली स्वतःचं वय सांगताना बरीच काटछाट करायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोघी जवळपास बरोबरीच्या वाटायच्या. शिवणकामात इतकी सवलत चालते, असं तिचं म्हणणं.

हिवाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे, धाकटीचं वाईट चाललं होतं. तिची पाळी जायला लागली होती आणि तिला भर थंडीत घामाचे लोट यायचे. बाई खिडक्या उघड्या टाकून बसायची, रात्र रात्र जागी राहायची आणि सकाळी नवऱ्यावरचा राग भांड्यांवर काढायची. तेव्हा थोरलीला तिची मनापासून कीव यायची. ‘बिचारी,’ असं ती दिवसातून अनेकदा म्हणायची, आणि म्हणताना तिला छान वाटायचं. पण कीव करायला समोरचं माणूस हालात असावं लागतं. ते सुधारलं की कीव करणाऱ्याची मोठी पंचाईत होते.

आणि धाकटी सुधारली होती. नुसती सुधारली नव्हती, खुलली होती.

एक दिवस ती एक झगा घेऊन खाली आली. “ताई, हा कमरेत जरा आत घ्याल का? सैल होतोय.”

स्वतःचे सगळे कपडे गेली दहा वर्षं उसवून उसवून मोठे करत आलेल्या बाईला याहून क्रूर वाक्य कुणी ऐकवू शकत नाही. थोरलीने तोंडात टाचण्या धरल्या आणि माप घ्यायला वाकली. टेप कमरेवरून खाली घसरली, तसं ओटीपोटाच्या बाजूला बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं.

“हे काय गं? ठिगळ लावलंयस का अंगाला?”

“पॅच आहे ताई, हार्मोनचा. डॉक्टरीणबाईंनी दिलाय. आठवड्यातून दोनदा बदलायचा आणि रात्री एक गोळी घ्यायची. अहो, काय सांगू! घाम गेला, झोप लागते, चिडचिड नाही. जन्म बदलला बघा.”

थोरलीच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही.

त्या रात्री ती पडल्या पडल्या छताकडे बघत राहिली. याच छताखाली तिनेही ते दिवस काढले होते. पंधरा वर्षांपूर्वी तीही अशीच रात्ररात्र भिजायची, उठून कपडे बदलायची, पहाटे मशीनवर जाऊन बसायची. तेव्हा कुणी पॅच दिला नव्हता. पॅच राहू दे, कुणी विचारलंही नव्हतं. नवरा एवढंच म्हणाला होता, “खिडकी लाव गं, गार वारा येतोय.” आणि आता हिला घाम फुटतो न फुटतो तोच डॉक्टरीणबाई काय, ठिगळ काय, गाणी काय! आयुष्यभर जगाच्या कपड्यांना ठिगळं लावली थोरलीने, आणि आयतं ठिगळ मिळालं धाकटीला.

“मलाही पाहिजे,” ती अंधारात म्हणाली.

“घे की,” नवरा झोपेत म्हणाला. काय पाहिजे ते विचारण्याची त्याची पद्धत नव्हती.

मात्र नुसतं ‘पाहिजे’ म्हणून भागत नाही, सभ्य माणसाला कारण लागतं. घाम येऊन पंधरा वर्षं झालेली, झोप तर धाकटीच्या गाण्यापर्यंत व्यवस्थित लागत होती. हे कारण समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पुरवलं. बाईंना सर्व विषयांतलं सर्व कळायचं आणि शंका विचारलेली खपायची नाही.

“हार्मोन म्हणजे बाईच्या हृदयाचं कवच,” त्या फाटकात उभ्या राहून म्हणाल्या. “पाळी गेली की कवच गेलं. ते परत चढवलं की हृदय पुन्हा विशीतलं. मी स्वतः वाचलंय.”

कुठे वाचलंय, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबरची वाट बघताना एका मासिकात. ते मासिक किती जुनं होतं हे बाईंनी सांगितलं नाही आणि थोरलीने विचारलं नाही. तिचं काम झालं होतं. झोप आणि घाम ही चैन झाली. हृदय ही गरज! आता ती धाकटीवर जळत नव्हती, ती स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेत होती. या दोहोंतला फरक तिने वाटेत औषधाच्या दुकानापर्यंत स्वतःला तीनदा समजावला.

दुकानात गर्दी होती. तिने शक्य तितक्या खालच्या आवाजात मागणी केली.

“काय?” औषधवाला ओरडला.

“तो पॅच... बायकांचा...”

“हार्मोनचा?” दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. “चिठ्ठी आहे का डॉक्टरची? चिठ्ठीशिवाय मिळत नाही.” मग त्याने तिच्या केसांकडे पाहिलं, नको तितका वेळ पाहिलं, आणि विचारलं, “तुमच्यासाठीच का?”

थोरलीने खोकल्याच्या गोळ्या विकत घेतल्या आणि मान ताठ ठेवून बाहेर पडली. तिला खोकला नव्हता. पण रिकाम्या हाताने परतलं असतं तर त्या प्रश्नाचं उत्तर साऱ्या दुकानाला मिळालं असतं.

आता जे घडलं त्याला चोरी म्हणावं की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. थोरलीच्या मते एका घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे होतातच. ती झगा द्यायला वर गेली होती. जिना चढताना छातीत नेहमीसारखं जळजळलं, जबड्यापर्यंत कळ गेली. हे हल्ली धाकटीकडे जाताना दर वेळी व्हायचं आणि थोरलीला त्याचं नवल वाटत नसे. जिच्यावर जळायचं तिच्या दाराशी जळणारच, दुसरीकडे कुठे जळणार? कठड्याला धरून ती क्षणभर थांबली, मग आत गेली. धाकटी न्हाणीघरात गात होती. आरशापुढे एक खोकं उघडं पडलं होतं, त्यात पट्टीचं एक चपटं पाकीट. थोरलीने झगा पलंगावर ठेवला, ते पाकीट घेतलं आणि खाली येऊन दार लावून ती पट्टी ओटीपोटावर चिकटवली.

पट्टी जरा मोठीच होती. पण वय जास्त तर माप मोठं, हे तिला रास्त वाटलं.

आणि काय आश्चर्य! घटकाभरात ऊब जाणवायला लागली. ओटीपोटात कसं गरम गरम, अगदी ताजं वाटू लागलं. ‘लागू पडलं!’ थोरली मनात म्हणाली. संध्याकाळी तिने मुलींना अर्धा तास आधी सोडलं. रात्री गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आरशात बघून केसांचा भांग बदलला आणि चक्क एक ओळ गुणगुणली. वरून धाकटीने वाकून विचारलं, “ताई, आज स्वारी खुशीत?” तेव्हा थोरली असं गूढ हसली की धाकटी बघतच राहिली. पंधरा वर्षांची उधारी एका पट्टीत फिटली होती.

फक्त शिवणाच्या खोलीत मुली सारख्या नाकं वर करून हुंगत होत्या. “बाई, कसलातरी बामचा वास येतोय.”

“हार्मोनला वास असतो,” थोरली म्हणणार होती, पण वेळेवर थांबली.

दुपारी धाकटा दीर कमरेवर हात ठेवून, वाकडा होऊन जिना उतरत आला. “वहिनी, माझ्या कंबरदुखीच्या पट्ट्यांतली शेवटची एक कुठे दिसली का हो? कालपर्यंत आरशापुढे होती.” मग त्यानेही हुंगलं. एकदा, दोनदा. “हा तर तिचाच वास!”

मुलींनी शिवणात माना घातल्या. अगदी मशीनच्या सुईखाली जातील इतक्या खोल.

“माझ्या कंबरेत उसण भरली होती,” थोरली म्हणाली.

“मग मागायची ना वहिनी! पण पट्टी पाठीला लावतात. तुम्ही...” आणि वास नक्की कुठून येतोय हे त्याच्या लक्षात आलं, तसा बिचारा वाकल्या वाकल्याच परत वर गेला. थोड्या वेळाने वरून हसण्याचा आवाज आला. तो दाबलेला होता, म्हणून जास्त लागला.

अंगाचा तिळपापड म्हणजे काय, ते थोरलीला त्या दिवशी कळलं. पण हट्टी माणसाला अपमानाने माघार घेता येत नाही, उलट पुढे जावं लागतं. तिने डॉक्टरीणबाईंचा नंबर लावला. बाई तीच, धाकटीची. तिच्यापेक्षा कमी दर्जाचं ठिगळ थोरलीला चालणार नव्हतं.

सोबत नवऱ्याला नेलं, ही तिची चूक झाली. हा मनुष्य वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. चुकीचा आकडा कानावर पडला की याला अंगावर पाल पडल्यासारखं होई.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. “वय?”

“छप्पन्न,” थोरली म्हणाली.

“त्रेसष्ट,” निरीक्षक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. थोरलीने नवऱ्याकडे जे पाहिलं, त्याला माप नाही.

“पाळी कधी गेली?”

“झाली... काही वर्षं.”

“पंधरा,” निरीक्षक म्हणाले. “तेव्हा ही रात्री खिडक्या उघडायची. मला सर्दी झाली होती.”

“आणि आता काय त्रास होतोय?”

“त्रास नाही हो,” थोरलीने पाठ केलेलं सुरू केलं. “पण हृदयाची काळजी घ्यायला हवी ना. हार्मोनचं कवच असतं म्हणे. माझ्या जावेला तुम्ही दिलाय, तसाच मलाही एक द्या. रंगबिंग काही का असेना.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाला धोका वाढतो, इतपत खरं आहे. हार्मोन दिले की तो कमी होईल असं एकेकाळी आम्हालाही वाटायचं. पण निव्वळ हृदयासाठी म्हणून आता आम्ही ते देत नाही. तुमच्या जाऊबाईंना दिले ते घामासाठी, झोपेसाठी. त्यांचं वय कमी, पाळी नुकती गेलेली, बाकी तपासण्या चांगल्या. पाळी जाऊन दहा वर्षांच्या वर झाली आणि साठी ओलांडली की हिशेब उलटा होतो. नव्याने सुरू केलं तर रक्ताची गुठळी, झटका, असले धोके वाढू शकतात. तुम्हाला आता उशीर झालाय.”

‘उशीर झालाय.’ थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “म्हणजे जेव्हा पाहिजे होतं तेव्हा कुणी दिलं नाही,” ती म्हणाली, “आणि आता मागते तर उशीर झाला. चांगलंय.”

डॉक्टरीणबाईंनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. नवरा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. त्याला ती सर्दी आठवत असावी, किंवा कदाचित पहिल्यांदाच सर्दीखेरीज दुसरं काही.

“बरं, तरी तपासते,” डॉक्टरीणबाई जरा वेळाने म्हणाल्या. “दम लागतो? छातीत दुखतं?”

“दुखत नाही. जळतं. ते निराळं.”

“कधी जळतं?”

निरीक्षकांनीच सांगून टाकलं, “धाकटीकडे वर जाताना जळतं तिचं. ते नेहमीचंच आहे, तुम्ही मनावर घेऊ नका.” आणि ते स्वतःच्या विनोदावर थोडं हसले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “वर जाताना. म्हणजे जिना चढताना?”

“हो. जबड्यापर्यंत जातं. थांबलं की थांबतं.”

“आणि जाऊबाईच खाली आल्या तर?”

थोरलीने विचार केला. खरं तर धाकटी खाली यायची तेव्हा डोकं तापायचं, पण छातीत काही व्हायचं नाही. “तेव्हा नाही.”

“दुसरीकडे कुठे चढ चढताना?”

“पोस्टात. तिथे पायऱ्या आहेत. तिथेही होतं खरं.”

“पोस्टातल्या लोकांवरही जळता का तुम्ही?”

थोरली पोस्टातल्या माणसांचे चेहरे एकेक करून आठवू लागली. तिकिटं विकणाऱ्या त्या टकल्या गृहस्थावर जळावं असं त्याच्यापाशी काही म्हणजे काहीच नव्हतं.

“नाही,” ती बारीक आवाजात म्हणाली.

“मग ही जळजळ मनातली नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन उचलला. “बायकांचं हृदय पुष्कळदा छातीत दुखून सांगत नाही. जबड्यातून सांगतं, पाठीतून सांगतं, दमणुकीतून सांगतं. आणि बायका त्याला पित्त म्हणतात.” क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, “जाऊ म्हटलेलं मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. घरी जाऊन मग नाही, इथूनच.”

पुढे काय झालं ते थोरलीला तुकड्यातुकड्यांत आठवतं. छातीला वायरी चिकटवल्या. ठिगळं मागायला गेलेल्या बाईला एकदम डझनभर ठिगळं मिळाली, पण एकही हवं तसलं नव्हतं. मग फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. आपण चांगलं चालतोय असं तिला वाटत असतानाच तिथल्या माणसाने पट्टा थांबवला आणि खुर्ची पुढे केली. “मी दमले नव्हते,” ती म्हणाली. “तुम्ही नाही, पण तुमचं हृदय दमलं होतं,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून पाहिलं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजत आली होती. तिथे जाळीची नळी बसवली. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस गेले असते तर कठीण होतं.

निरीक्षक तेव्हा भिंतीला टेकून उभे होते. “कठीण म्हणजे किती?” त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादा आकडा नको होता.

संध्याकाळी धाकटी आली. वाटेत रडली असावी, नाक लाल झालं होतं. खाटेशी बसल्या बसल्या तिने थोरलीचा हात धरला आणि तो सोडेचना.

“आम्ही तुम्हाला हसलो हो ताई, त्या पट्टीवरून. आणि तुम्ही इकडे...”

“हसण्यासारखंच होतं ते. बामाचा वास मारत हिंडत होते मी.”

“पण तुम्हाला पॅच हवा होता तर मला म्हणायचं ना. मी तुम्हाला घेऊन गेले असते.”

थोरली म्हणाली, “पंधरा वर्षांपूर्वी हवा होता गं. तुला काय सांगायचं आता? तेव्हा तुझी पोरं लहान होती. मी पहाटे मशीन चालवायची तर तू वरून निरोप पाठवायचीस, की ताई, पोरं उठतात.”

“मला वाटायचं तुम्हाला कामाची फार हौस.”

“हौस कसली! अंथरुणात पडवायचं नाही, म्हणून शिवत बसायची. तुझ्या पोरांच्या त्या सगळ्या चड्ड्या मी घाम पुसत शिवल्यात.”

यावर धाकटी हसायला गेली आणि रडली, आणि थोरली रडायला गेली आणि हसली. परिचारिकेने येऊन दोघींना दरडावलं की पेशंटला हसवायचं नाही, रडवायचंही नाही.

थोरली घरी आली, जिना चढू लागली. छाती गप्प होती, आता जळायचं ते फक्त मनात. तेवढ्यात धाकटीच्याच मनाने घेतलं. ‘मलाही असं काही असेल तर?’ या विचाराने तिचं गाणं बंद पडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुमच्या तपासण्या चांगल्या आहेत, भीती नको. पण भीतीला चिठ्ठी लागत नाही. शेवटी तिच्या समाधानासाठी त्यांनी पट्ट्यावरची तपासणी लिहून दिली आणि थोरली बरोबर गेली.

दार लागलं. बाहेर बाकावर थोरली एकटी. आतून पट्ट्याची घरघर आणि धाकटीच्या पावलांचा आवाज येत होता. हळू, मग भरभर, मग आणखी भरभर. थोरली ऐकत होती. आपल्याला थांबवलं होतं तो क्षण कधीच मागे पडला, हे तिला कळलं. एरवी हे कळून पोटात दुखायला हवं होतं. त्याऐवजी ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरून पुटपुटत होती, “चाल बाई, चाल. थांबू नकोस.” शेजारचे गृहस्थ तिच्याकडे बघून जरा सरकून बसले.

आवाज बंद झाला. दार उघडायला इतका वेळ का लागतो, असं ती म्हणणार तोच धाकटी बाहेर आली. घामेजलेली, लालबुंद.

“काय म्हणाले?”

“सगळं छान आहे म्हणाले ताई!”

थोरलीने तिला मिठी मारली. अशी की धाकटीची पर्स खाली पडली. “सुटले गं बाई,” थोरली म्हणाली. ती ‘सुटलीस’ म्हणाली नाही, ‘सुटले’ म्हणाली, आणि तिला त्याची जाणीवही नव्हती.

दोघी बाहेर पडल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता धाकटी पदक मिळाल्यासारखी सांगू लागली, “आणि माहितीये ताई, डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय अगदी तिशीतल्या बाईसारखं आहे!”

थोरलीची पायरी चुकता चुकता राहिली.

“तिशीतल्या?”

“तिशीतल्या.”

“असं त्यांनी आपणहून म्हटलं, का तू विचारलंस?”

“आपणहून.”

थोरली थांबली. तिने हात छातीवर ठेवला आणि ओठ आवळले. धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई! काय होतंय? जळतंय का? बसा इथेच, मी डॉक्टरांना बोलावते!”

“नको गं,” थोरली तिच्या दंडाला धरून पुढची पायरी उतरत म्हणाली. “हे आपलं घरचं आहे. दवाखान्यातलं नाही.”